नॉरिसने बसवलेल्या स्प्रिंगा

नॉरिस स्टॅनिफोर्थ रस्त्याने चालताना माणसांची तोंडं बघत नसे, गाड्यांच्या मागच्या बाजू बघत असे. त्याची बायको मेव्हिस हे चारचौघांत सांगायची आणि लोक हसायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. शेफिल्डच्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं भट्टीपाशी काढली होती. लालभडक सळई गुंडाळताना तिचा रंग बघून तो सांगायचा, ही टिकेल, ही दोन हिवाळ्यांत मान टाकेल. शेजाऱ्याची गाडी दारातून निघाली की हा खिडकीतून म्हणायचा, "डावा मागचा गेलाय त्याचा." मेव्हिस म्हणायची, "त्याची आई गेली काल. ते विचारलंस का?"

वर्षातून दोन आठवडे कारखाना बंद असायचा. त्या दोन आठवड्यांसाठी नॉरिस उरलेले पन्नास जगत असे. गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन जोडायची, दोन चाकांवरचं ते पत्र्याचं घर, आणि समुद्र गाठायचा. गावात अशा चाळीसेक कुटुंबांचा क्लब होता आणि क्लबात नॉरिसला एक काम आपोआप चिकटलं होतं. न्हाणीघरातला वजनकाटा आणि झाडूच्या दांड्याचा एक तुकडा घेऊन तो निघायच्या सकाळी प्रत्येकाच्या कॅरॅव्हॅनपाशी जायचा. दांडा काट्यावर उभा करायचा, त्यावर कॅरॅव्हॅनचं नाक, म्हणजे गाडीला जोडायचं पुढचं टोक, टेकवायचं आणि नाकावर भार किती ते वाचायचं.

"आला रे आला काटेवाला, पोटं आत घ्या!" लोक ओरडायचे.

नॉरिस न हसता आकडा वाचायचा. नाक जड झालं तर ते गाडीच्या मागच्या हुकावर रेलतं, गाडी मागून बसते, पुढचं तोंड वर होतं आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. नाक हलकं झालं तर त्याहून वाईट, कॅरॅव्हॅन मागे शेपूट हलवायला लागते आणि एकदा ती लय धरली की ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. म्हणून जड सामान चाकांच्या वर, बाकी घरी. हे तो दर वर्षी सांगायचा. लोक दर वर्षी माना डोलवायचे आणि बीअरच्या पेट्या डिकीत कोंबायचे.

त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात पहिला नंबर क्लिफ बॅगशॉचा. क्लिफचं मटणाचं दुकान होतं, हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, आणि तो नॉरिसचा एकुलता एक मित्र होता. क्लिफची बायको बेरिल आणि मेव्हिस एका बाकावर बसून शाळा शिकलेल्या. एकोणीस उन्हाळे दोन्ही कुटुंबांनी शेजारीशेजारी काढले होते, बायकांनी एकाच किटलीतला चहा प्यायला होता.

सत्त्याहत्तरच्या वसंतात क्लिफने नवी, चांगली लांबलचक कॅरॅव्हॅन घेतली. गाडी मात्र तीच जुनी एस्टेट, मागे भलीमोठी डिकी असलेली. पहिल्यांदा जोडली तेव्हा गाडी पाण्यात बसकण मारलेल्या म्हशीसारखी मागून खाली गेली.

"काहीतरी कर रे बाबा," क्लिफ म्हणाला.

"डिकी रिकामी कर. जड सामान चाकांवर घे. मग बघू."

"तू स्प्रिंगवाला ना? मग वैद्यासारखं पथ्य कशाला सांगतोस? औषध दे की!"

नॉरिसने आधी नाही म्हटलं. मग बेरिलने विचारलं आणि तो हो म्हणाला, कारण बेरिल कधी काही मागत नसे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, भंगाराच्या ढिगातली एक चांगली सळई शोधून त्याने दोन मदतीच्या स्प्रिंगा गुंडाळल्या. परवानगी विचारली नाही. भंगार म्हणजे भंगार, असं सगळेच धरून चालायचे. एका रविवारी क्लिफच्या अंगणात उताणा पडून त्याने त्या बसवल्या. बाहेर आला तेव्हा बेरिलने त्याच्यापुढे भाजलेल्या गोमांसाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "देव भलं करो तुझं."

"हे बघ, स्प्रिंग गाडी उचलून धरते, वजन कमी करत नाही," नॉरिसने क्लिफला सांगितलं. "काटा लावायचा तो लावायचाच."

"लावू रे, लावू."

ऑगस्टमध्ये वेल्सला जाताना काटा लागला. आकडा बरोबर आला. गाडी किंचित मागे बसलेली होती, पण ती तेवढी बसायचीच. वेल्समध्ये बारा दिवस पाऊस पडला, पत्ते झाले, बायकांनी विणकाम केलं. मुक्कामाच्या मागच्या डोंगरात पाटीच्या दगडाची बंद पडलेली खाण होती. क्लिफ रोज तिकडे फिरायला जायचा. त्याला घरी शेकोटीची भिंत बांधायची होती, आणि असा निळाकाळा दगड शेफिल्डमध्ये विकत घ्यायचा तर ढीगभर पैसे पडले असते.

निघायच्या सकाळी नॉरिस काटा आणि दांडा घेऊन क्लिफकडे आला आणि जागीच थांबला. गाडी सपाट उभी होती. मागून केसभरही बसलेली नव्हती. गाडी आणि कॅरॅव्हॅन एका रेषेत, जाहिरातीच्या चित्रात असतात तशी. आजूबाजूचे चारपाच जण जमले होते.

"बघा, बघा!" क्लिफ त्यांना म्हणाला. "नवीन कॅरॅव्हॅन, जुनी गाडी, आणि उभी कशी आहे? स्टॅनिफोर्थच्या स्प्रिंगा!"

एकाने खाली वाकून स्प्रिंगांकडे बघितलं आणि शीळ घातली. "मला पण एक जोडी कर ना, नॉरिस."

नॉरिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकतीस वर्षांत त्याच्या हातच्या लाखो स्प्रिंगा कुठल्या कुठे गेल्या होत्या, एकीपुढेही कुणी शीळ घातली नव्हती. तो काटा खाली ठेवायला वाकला, तसा क्लिफने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"अरे, स्वतःच्याच कामावर भरवसा नाही का तुझा? आयुष्यभर मी वजनं करतो, आज तरी सोड!"

सगळे हसले. नॉरिसही हसला. काटा काखेत मारून तो आपल्या गाडीकडे गेला.

घर वीस मैलांवर राहिलं असताना डर्बीशरचा शेवटचा मोठा उतार लागला. क्लिफ पुढे, नॉरिस मागे. अर्ध्या उतारावर नॉरिसला दिसलं, क्लिफच्या कॅरॅव्हॅनचं शेपूट डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे.

"ब्रेक मारू नकोस," नॉरिस स्वतःशीच म्हणाला. "क्लिफ, ब्रेक मारू नकोस रे!"

क्लिफने ब्रेक मारला. कॅरॅव्हॅन आडवी झाली, गाडीला फरपटत घेऊन गेली आणि दोन्ही रस्त्याकडेच्या दगडी बांधावर आदळली. बेरिल ज्या बाजूला बसली होती ती बाजू आधी.

नॉरिस पोचला तेव्हा कॅरॅव्हॅन केळ्यासारखी सोलून पडली होती आणि मागच्या पलंगाखालून पाटीचे दगड रस्त्यावर सांडले होते. चांगले रुंद, हाताने निवडलेले, वीसपंचवीस. मागच्या टोकाला इतकं वजन, म्हणून नाक वर उचललेलं, म्हणून गाडी सपाट. नॉरिसला एका नजरेत सगळं कळलं. काट्याने ते सकाळीच सांगितलं असतं.

क्लिफ बाहेर पडला होता. कपाळावरून रक्त गळत होतं. मेव्हिस गाडीत अर्धी शिरून बेरिलचा हात धरून बसली होती आणि बेरिल ओरडतसुद्धा नव्हती.

"दगड," क्लिफ म्हणाला. "नॉरिस, पोलीस यायच्या आत दगड बांधापलीकडे टाक. जास्त वजन होतं म्हटलं तर विम्याचा एक पैसा मिळणार नाही. बेरिलसाठी रे!"

नॉरिसने टाकले. एकेक उचलून, छातीशी धरून, बांधापलीकडच्या गवतात. मेव्हिस गाडीच्या फुटक्या काचेतून ते बघत होती. पोलीस आला, त्याने विचारलं, आणि नॉरिस म्हणाला की वारा होता.

बेरिलचा उजवा खुबा चुरडला होता. ती अकरा आठवडे इस्पितळात होती. तिसऱ्या आठवड्यात विम्याचा माणूस गाडी तपासायला आला. त्याला दगड सापडले नाहीत, पण कुठल्याही कंपनीचा शिक्का नसलेल्या दोन स्प्रिंगा सापडल्या. या कुणी बसवल्या, असं त्याने विचारलं.

"स्टॅनिफोर्थने," क्लिफ म्हणाला. "तो म्हणाला, या बसव, काही होत नाही. मी खाटीक माणूस, मला लोखंडातलं काय कळतं?"

हे नॉरिसला क्लिफने सांगितलं नाही. कारखान्याच्या साहेबाने सांगितलं, टेबलावर विम्यावाल्यांचं पत्र ठेवून. सळई कारखान्याची, भट्टी कारखान्याची, परवानगी कुणाची?

"भंगारातली होती, साहेब."

"भंगार तुझं आहे का?"

त्या शुक्रवारी तो घरी आला तो परत गेला नाही. पुढच्या बैठकीत क्लबाने ठरवलं की नॉरिसने आपणहून बाहेर पडलेलं बरं. वेल्समध्ये शीळ घालणाराही बैठकीत होता. त्याने हात वर केला.

मेव्हिस पेटली होती. "जा आणि सांग दगडांचं! तू नाही सांगितलंस तर मी सांगते!"

"पोलिसाला मी खोटं सांगितलंय, मेव्हिस. आता काय सांगू? आणि बेरिलला मिळायचं तेही जाईल."

"आणि तुला काय मिळालं?"

निदान बेरिलला खरं कळावं, असं त्याला वाटलं. तिला दगड ठाऊक नसणार. क्लिफने चोरून भरले असणार. एका दुपारी क्लिफ दुकानात असताना तो द्राक्षं घेऊन इस्पितळात गेला.

बेरिल उशांना टेकून बसली होती. तिने द्राक्षं घेतली, त्याची चौकशी केली. मग म्हणाली, "आम्ही तुझ्यावर राग धरलेला नाही, नॉरिस. चूक माणसाकडूनच होते."

नॉरिसने खुर्ची जवळ ओढली. "बेरिल, तुला एक सांगायचंय. त्या मागच्या पलंगाखाली..."

"झालं गेलं," ती म्हणाली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. "ते काढूच नकोस. आम्ही तुला माफ केलंय."

तिने चादर नीट केली. ती आधीच नीट होती. तिने वर बघितलं नाही, आणि नॉरिसला उमगलं की तो पलंग उचलून धरायला तिथे दुसरं कोण असणार? क्लिफने दगड सरकवले होते, तिने पलंग धरला होता.

"बरी हो लवकर," तो म्हणाला.

बाहेर मेव्हिस गाडीत वाट बघत होती. "सांगितलंस?"

"तिला ठाऊक आहे."

मेव्हिसने विचारलं, "तू त्या सकाळी काटा का नाही लावलास? एकोणीस वर्षं लावलास."

"लोक वाखाणत होते," नॉरिस म्हणाला. "बरं वाटत होतं मला."

त्यानंतर नॉरिसने रेल्वे स्टेशनाबाहेरच्या गाडीतळावर पावत्या फाडण्याचं काम धरलं. तीन वर्षांनी कारखानाच बंद पडला आणि सगळे बाहेर आले, पण त्या सगळ्यांना इतक्या वर्षांचं काही ना काही हातात देऊन निरोप मिळाला. ते एकत्र दारू प्यायले, साहेबालाही दोन शिव्या घातल्या. नॉरिसला कुणी बोलावलं नाही. त्याची कॅरॅव्हॅन एका शिक्षकाने विकत नेली.

क्लिफला विम्याचे पैसे मिळाले. नंतर कधीतरी, दुकानाचा टेम्पो घेऊन, तो त्या उताराच्या बांधापलीकडे गेला आणि गवतातून फुटके नसलेले दगड उचलून आणले. हे मेव्हिसला बाजारात बेरिलकडूनच कळलं. मासळीच्या ठेल्यापाशी बेरिल काठी टेकत उभी होती. तिने मेव्हिसचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं.

"किती वर्षं झाली गं. एकदा ये ना चहाला. शेकोटी झालीय आमची, बघून जा."

"कुठले दगड लावलेत?" मेव्हिसने विचारलं.

बेरिलने हात सोडला.

मेव्हिस घरी आली तेव्हा नॉरिस चुलीपाशी बटाटे सोलत होता. तिने सगळं सांगितलं, एका दमात, मासळीची पिशवी हातात तशीच. तो सोलत राहिला. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "चालते कशी ती?"

"एवढंच विचारायचंय तुला?"

"कशी चालते?"

"लंगडत," मेव्हिस म्हणाली आणि मासे ओट्यावर आपटून बाहेर गेली. नॉरिसने हात पुसले, मासे कागदातून सोडवले आणि साफ करायला घेतले.