शिक्क्याखालचं हसू

नवं राज्य झालं तेव्हा आमच्या ऑफिसात ओळखपत्रासाठी फोटो मागितले. मी बुढापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या एका स्टुडिओत गेले. फोटोवाला साठीचा, एकेकाळी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवलेला. टेपवर जॅझ लावून, पायानं ताल धरत तो कॅमेऱ्यामागं नुसताच उभा राहिला. 'रेडी' म्हणेचना. ताठ बसून मी कंटाळले, मान कलली, माझं मलाच हसू आलं आणि तेवढ्यात त्यानं बटण दाबलं.

ऑफिसातल्या साहेबांनी फोटो परत केला. मान वाकडी, वर हसू. मी तणतणत स्टुडिओत गेले.

"भाऊ, दुसरा काढून द्या. सरळ."

"काहून?" तो चष्मा पुसत म्हणाला. "लिहिलेली धून तर सारेच वाजवतात, दीदी. जॅझवाला धून सोडते, अन् तिथंच तो खुद ऐकू येते. तुम्ही पोज सोडली, तेव्हाच मले दिसल्या. सरळ मान पाहिजे असन तर साहेबालेच बसवा इथं!"

मी तोच फोटो पुन्हा साहेबांपुढं ठेवला.

"दुसरा नाही?"

"दुसरा चेहरा नाही, साहेब."

चिडून त्यांनी तो ओळखपत्रावर चिकटवला आणि शिक्का नेमका माझ्या ओठांवर मारला. हसू त्याखालूनही दिसतं.