नवी करून आलेली गिटार

ती घटना आठवली की आजही माझी मलाच लाज वाटते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी बेळगावात एका ठाण्यावर फौजदार होतो.

जांबोटीकडचे एक शेतकरी आप्पा तक्रार घेऊन आले. त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा तापानं गेला होता आणि मागे त्याची गिटार राहिली होती. तिकडच्या पावसात तिची वरची फळी फुगली, वाजेना. वर्षश्राद्धाला मुलाचे मित्र येऊन ती वाजवणार होते. म्हणून आप्पांनी ती पोत्यात गुंडाळली, वर चिठ्ठी बांधली आणि बसच्या ड्रायव्हरजवळ देऊन शहरातल्या कारागिराकडे पाठवली. आमच्याकडे औषधापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं असंच जायचं. महिन्यानं त्याच बसनं ती परत आली.

"साहेब, ही आमची न्हाय," आप्पा म्हणाले. "त्येची झिजल्याली हुती. ही नवीकोरी हाय. बदलली त्यानं."

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका वाद्यवाल्यानं कानात सांगितलं, हा कारागीर जुन्या गिटारी गोव्याला विकतो. सांगणाऱ्याचं दुकान कारागिराच्या समोरच होतं, एवढाही विचार मी केला नाही. कारागिराला उचलून आणलं.

"तीच हाय साहेब. मी निस्ती वरची फळी बदललोय, बाकीला पॉलिश मारलोय."

"जुनी कुठं आहे?"

"लाकूड चिकटवायचा सरस कढवायला चुलीत घातलो."

असली उत्तरं मी खूप ऐकली होती. मी हात उचलला. दुपारपर्यंत तो नाहीच म्हणत होता. संध्याकाळी म्हणाला, "व्हय, विकलो." मी खुशीत जबाब लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती गिटार, कारागीर, आप्पा आणि दोन पंच घेऊन पंचनाम्याला दुकानात गेलो. चुलीजवळच्या भुशात अर्धवट जळालेली फळी निघाली. आप्पांनी ती उचलून पुसली. भोकाच्या खाली बोटं घासून पॉलिश पार गेलं होतं.

"हे माझ्या पोराचं हाय," ते म्हणाले.

भिंतीवरच्या खिळ्याला त्यांचीच चिठ्ठी होती. 'अगदी नव्यासारखी करून पाठवणे.' मी ती मोठ्यानं वाचली आणि आप्पा कारागिराकडे वळले.

"कारागीर, तुमी मी लिवल्यागतच केलासा. माजंच चुकलं." मग ती फळी टॉवेलात गुंडाळून ते बसस्टँडकडे चालू लागले. गिटारीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सुजलेल्या गालानं कारागीर मला विचारत होता, "साहेब, आता ही मी कुणाला देऊ?" पंचनामा पुरा करून मी निघालो.

कबुली मिळाली म्हणजे तपास लागला असं नसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढं चोरीची तक्रार घेताना आधी विचारायचो, नेमकं गेलंय काय? पण खाकी अंगावर असताना कुणाची माफी मागायची नसते, अशी तेव्हा माझी समजूत होती. बदलीनंतर दोन वर्षांनी, साध्या कपड्यांत, तेवढ्यासाठीच मी त्या गल्लीत गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "पोलीस घिऊन गेल्यापास्नं त्येच्याकडं कोण वाद्य देईना झालंत. गेला गाव सोडून. कुठं, ते कुणालाच ठावं न्हाय."