कॅन्टीनमधल्या वेगळ्या टेबलाचा शोध : डॉ. रत्नमाला ओहोळ

डॉ. रत्नमाला ओहोळ यांची आणि माझी पहिली भेट ब्रिस्टलमध्ये, माझ्या नोकरीच्या मुलाखतीत झाली. नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुण्याहून इकडे आले होते आणि विद्यापीठात संशोधन सहायकाची जागा निघाली म्हणून अर्ज केला होता. इतर परीक्षकांनी मला मुलाखती कशा घ्याव्यात, नोंदी कशा ठेवाव्यात असं विचारलं. रत्नाताईंनी विचारलं, "तुमच्या पुण्याच्या ऑफिसात मीटिंगची टिपणं कोण घ्यायचं?"

"बहुतेक वेळा मीच," मी म्हटलं. "नाहीतर दुसरी एखादी मुलगी."

"तसा नियम होता?"

"नाही."

"मग कसं ठरायचं?"

"आपोआपच," मी म्हटलं. ताईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "हेच शोधायचं काम आहे. कधीपासून येता?"

त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या लेखनाचा विद्वत्तापूर्ण आढावा इतरांनी घेतला आहेच. मी त्यांच्या हाताखाली काम केलं आहे, म्हणून त्यांचं काम कसं चालतं तेवढंच सांगते.

ताई मूळच्या नागपूरच्या. बाबासाहेबांचा विचार मानणारं घर; शिक्षण सोडायचं नाही हा त्या घरातला एकमेव कडक नियम. लग्नानंतर त्या इंग्लंडला आल्या, एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवीपर्यंत पोहोचल्या. कचेरीत नव्याने येणाऱ्यांना काम शिकवायला ताईंना सांगितलं जाई आणि शिकून झालं की तीच माणसं त्यांच्या वरच्या जागी बसत. याबद्दल त्या कधी कडवटपणे बोलत नाहीत. "मला विषय तिथेच मिळाला," एवढंच म्हणतात.

आमचा सर्वांत अवघड अभ्यास ब्रिस्टलजवळच्या, विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातला. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बढत्यांमध्ये वर्णभेद होतो का, हे तपासायला व्यवस्थापनानेच आम्हांला बोलावलं होतं. कारखान्यात भारतीय कामगार बरेच होते, मराठीही होते. त्यांतले एक सुधाकर. अहवालात आम्ही त्यांना हेच टोपणनाव दिलं होतं. ते कुशल फिटर होते. त्यांना काही महिने तात्पुरतं सुपरवायझर केलं गेलं, मग ते पद काढून घेतलं आणि ती जागा दुसऱ्या एका भारतीयालाच कायमची दिली गेली. सुधाकर यांच्या नावापुढे शेरा होता : यांना टीम सांभाळता येत नाही.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने विषय संपला होता. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे पीटर म्हणत, ते ताईंना हसून म्हणाले, "जागा भारतीयालाच गेली, डॉक्टर ओहोळ. यात भेदभाव कुठे आला?"

मलाही ते पटलं होतं. ताईंना पटलं नाही. त्या म्हणाल्या, "मेधा, टीम सांभाळता आली नाही म्हणजे नेमकं काय झालं, ते कुणी विचारलंय का?" आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवायला लागलो.

काही दिवसांनी दिसायला लागलं. भारतीय कामगारांचं एक मोठं टेबल होतं. घरचे डबे उघडले जात, भाजी इकडून तिकडे जाई, हसणं-खिदळणं चाले. सुधाकर तिथे बसत नसत. ते खिडकीकडच्या टेबलावर एका पोलिश कामगाराबरोबर जेवत. ताई आपला डबा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसल्या, आपलं आडनाव सांगितलं आणि जेवायला लागल्या. आडनाव ऐकून सुधाकर यांनी मान वर केली. मग म्हणाले, "ताई, पहिली काही वर्षं मीपण त्या टेबलावर बसायचो. मग कुणाच्या तरी लग्नात आमचं गाव निघालं, गावावरून वस्ती निघाली. त्यानंतर माझ्या डब्यातलं कुणी घेईना. सुपरवायझर झालो तर सांगितलेलं काम कुणी करेना. तोंडावर हो म्हणायचे आणि मशीन बंद ठेवायचे. साहेबाला काय सांगणार? त्याला जात हा शब्दही माहीत नाही."

"तुम्ही हे नोंदवायला परवानगी द्याल?" ताईंनी विचारलं.

"नाव नको."

"नाव येणार नाही. पण ओळखू येईल, हेही तुम्हांला आधीच सांगते. विचार करा. नाही म्हणालात तर यातलं एक अक्षर बाहेर जाणार नाही."

दोन आठवड्यांनी सुधाकर यांचा फोन आला. "माझा मुलगा यंदा याच कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागतोय," ते म्हणाले. "लिहा."

अहवालात जातीवर एक प्रकरण आलं आणि दोन्ही बाजूंनी दबाव सुरू झाला. पीटर म्हणाले, हा भारतीयांचा आपसांतला मामला आहे, यात कंपनीला ओढू नका. पुढचा अभ्यास याच कंपनीकडून मिळायचा होता, हे त्यांनी आडून सुचवलंही. ताईंचं उत्तर मला आजही शब्दशः आठवतं : "कॅन्टीन तुमचं, शिफ्ट तुमची, बढतीचा निर्णयही तुमचाच. मग मामला आपसांतला कसा?"

दुसरीकडून आमच्याच माणसांचे फोन. ताई स्थानिक मराठी मंडळाच्या जुन्या सभासद होत्या. मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य घरी आले, सोफ्यावर अवघडून बसले आणि म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आपली लक्तरं इंग्रजांपुढे कशाला? इथे आपण सगळे काळेच ना."

ताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "इंग्रजांनी आपल्याला डावललं की आपण सगळे एकत्र सह्या करतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "सुधाकरना आपणच डावललं. त्यांनी सह्या मागायला कुणाकडे जायचं?"

ते गृहस्थ चहा तसाच ठेवून उठले.

प्रकरण अहवालात राहिलं. कंपनीने अहवाल कित्येक महिने दाबून ठेवला, पुढचं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं. ताई स्वस्थ बसल्या नाहीत. युनियनच्या बैठकांना गेल्या, केंब्रिजच्या एका परिषदेत तेच प्रकरण वाचलं, तिथल्या थंड प्रतिसादानंतर घरी येऊन पुन्हा लिहिलं. त्या काळात कायद्यात वर्ण होता, वंश होता. जातीचं नाव नव्हतं. "नाव नाही म्हणून गोष्ट नाही, असं होत नाही," त्या म्हणायच्या. शेवटी युनियनने विषय लावून धरला आणि कंपनीला बढत्यांची पद्धत बदलावी लागली. टीम सांभाळता येत नाही असं म्हणायचं असेल, तर काय घडलं ते लिहायचं आणि त्या माणसाची बाजू ऐकायची, असं ठरलं. सुधाकर यांना पुन्हा संधी मिळाली. या खेपेला हुकूम न पाळणाऱ्यांना वरून विचारणा झाली. सुधाकर आजही तिथे सुपरवायझर आहेत. मोठ्या टेबलावर मात्र ते परत गेले नाहीत आणि ताईंनीही त्यांना तसं कधी सुचवलं नाही.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीचं निमंत्रण ताईंना आलं नाही. त्या आपलं तिकीट काढून गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी जांभळी पैठणी नेसली होती. पुढच्या रांगेत जाऊन बसल्या आणि कार्यक्रमाला मनापासून टाळ्या वाजवल्या. परतताना मी विचारलं, "ताई, त्रास नाही झाला?" त्या म्हणाल्या, "झाला ना. पण मी आले नसते तर त्यांना सोपं गेलं असतं." पुढच्या वर्षी मंडळातल्या तरुण मुलामुलींनी, इथेच जन्मलेल्या, त्यांना बोलायला बोलावलं. एका मुलीने अडखळत विचारलं, "आँटी, माझा आजोबा पण असं करायची का?" कुणी हसलं नाही. ताईंनी तिला खुर्ची ओढून जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं.

माझ्या वाट्याला आलेला त्यांचा जिव्हाळा सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मी गरोदर असताना माझा करार संपत होता आणि विभागाने तो वाढवायला नकार दिला होता. ताई विभागप्रमुखांकडे गेल्या. "मी समान संधीवर भाषणं देत फिरते आणि माझ्याच खोलीतली बाई बाळंतपणामुळे नोकरी गमावते. पुढच्या भाषणात हेच उदाहरण देऊ का?" असं त्यांनी विचारलं. करार वाढला. मुलगी झाल्यावर त्या दर शनिवारी घरी यायच्या, तिला प्रॅममध्ये घालून बाहेर न्यायच्या आणि मला बजावायच्या, "आता झोप. कामाचा पेपर वाचलास तर मला कळेल." त्यांना खरोखरच कळायचं.

यंदा ताई निवृत्त होत आहेत, असं विद्यापीठ म्हणतं. ताईंनी मात्र ग्लासगोतल्या रुग्णालयांत परदेशांतून आलेल्या नर्सेसच्या बढत्यांचा अभ्यास हाती घेतला आहे आणि रेल्वेची तिकिटंही काढून ठेवली आहेत. दुखऱ्या गुडघ्यांचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "रुग्णालयातच तर चाललेय."

त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, आणि भरपूर, निरोगी आयुष्य त्यांना लाभो, ही आम्हां सगळ्यांची मनापासूनची इच्छा. ज्यांना त्यांचे प्रश्न अडचणीचे वाटतात, त्यांनाही आमचं एक सांगणं आहे : ताईंना अजून पुष्कळ विचारायचं आहे, आणि आता त्यांच्याकडे वेळही आहे.