दोन काळ्या वड्या घेऊन अर्धापूर ते लातूर

भट्टी माझी: अग्निविटा रचून, हीटरची तार स्वतः गुंडाळून केलेली. पावडर दाबायचा साचा मी घासला, तापमानाचं सर्किट मी जोडलं. आणि यिट्रियम, बेरियम, तांब्याच्या ऑक्साइडच्या रुपयाएवढ्या दोन काळ्या वड्याही माझ्याच. या अतिवाहक वड्या: कडक गारठवल्या की वर ठेवलेला चुंबक तरंगतो. एकीवर तरंगतो, दुसरीवर नाही. शिक्षण दहावी.

लातूरच्या एका क्लासच्या सरांनी प्रयोग दाखवायला बोलावलं. शंभर पोरांपुढे चुंबक तरंगला नाही, तर माझ्यावर ‘घरगुती’ हा शिक्का कायमचा बसणार होता.

द्रव नायट्रोजन ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांनी दिला, कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायच्या डब्यात. अर्धापूरहून नांदेडला येऊन सकाळची एसटी धरली. असा डबा नेणार असाल तर झाकण घट्ट लावू नका, वायू कोंडून डबा फुटतो; खिडकीही उघडी ठेवा. कंडक्टरने डबा लगेच ओळखला.

“काका, लातुरात कुणाची म्हैस माजावर आलीय?”

“म्हैस नाही, चुंबक.”

“आता चुंबकालाबी डॉक्टर लागून राहिला!” म्हणत त्याने लगेजचं तिकीट फाडलं.

अहमदपूरला चहा-भजी घेतली. डबा मांडीवरून हलवला नाही.

क्लासमध्ये सर कानाशी लागले, “चुंबक तरंगवणारीच दाखवा. दुसरी कशाला?”

मी मुद्दाम आधी दुसरीच काढली. थर्माकोलच्या वाटीत नायट्रोजन ओतला, धूर उठला, वर चुंबक ठेवला. ढिम्म.

“काका, सेल संपला!” मागून आवाज आला. हशा.

मग पहिली वडी. चुंबक हळूच उचलला गेला आणि अधांतरी गरगरू लागला. पोरं बाकांवर चढली.

पुढच्या बाकावरची मुलगी मात्र खालीच बसून होती. “पावडर एकच ना, काका?”

“एकाच खलातली. पण दुसरीच्या वेळी लोडशेडिंग झालं आणि मी घाईत भट्टी उघडली. चूक माझी. सावकाश निवली तर वडी ऑक्सिजन ओढून घेते, अणूंची चौरस मांडणी एका अंगाने किंचित लांबते. मांडणी हलली की इलेक्ट्रॉनची वागणूक बदलते. नेमकी कशी, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ अजून भांडताहेत.”

“आमचे बाबा गवंडी हायत,” ती म्हणाली. “भूकंपानंतर त्यांनी पडलेल्या घराचे जुनेच दगड वापरले, पण भिंतीत आडवे पट्टे टाकले. ते घर उभं हाय.” मग थांबून, “ही न तरंगवणारी परत भाजली तर?”

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण विचारलं तिने.

ती दुसरी वडी आता भट्टीत आहे, सावकाश निवतेय. निघताना सरांनी देऊ केलं होतं: दर आठवड्याला पोरांची एक बॅच, फक्त तरंगवणारी वडी, दहा मिनिटं, प्रश्न घ्यायचे नाहीत. मी नाही म्हणालो. महिना पंचवीस हजार देत होते.