फॉर्ममधला शेवटचा प्रश्न

मंडळी, सोमवारी मी केनियाला निघतेय. चर्चच्या सेवेसाठी माझा हा पहिलाच परदेश प्रवास.

आज दुपारी मिशनचा फॉर्म भरत होते. शेवटचा प्रश्न होता, तिकडे मृत्यू झाल्यास दफन कुठे करावं? माझा हातच थांबला.

"काहून घाबरून राहिली? प्रभू आहे ना सोबत," आई म्हणाली. रविवारी भर चर्चमध्ये उभी राहून हीच म्हणाली होती, "माझी पोरगी मी प्रभूला दिली."

मग चष्मा लावून तिनं प्रश्न वाचला. माझ्या हातातला पेन घेतला आणि लिहिलं, "जबलपूर. बाबांच्या कबरीशेजारी."

ती जागा तिनं स्वतःसाठी राखून ठेवली होती.

तेव्हापासून बॅग उघडीच पडलीय. तुम्ही पहिल्यांदा निघालात, तेव्हा कशी बंद केलीत?