भाऊचं प्लायवूडचं विमान

आज सकाळी भाऊ गेला. चहाचा कप अर्धा ठेवून.

एका जागी बसून एखादी गोष्ट पूर्ण करणं माझ्या या मोठ्या भावाला जन्मात जमलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात, आमच्या पिंप्राळ्याच्या घरात, बैठकीच्या खोलीत, त्याने विमानाचं कॉकपिट बांधायला घेतलं.

पायलट व्हायचं होतं. मेडिकलला डोळ्यांनी दगा दिला. मग जळगावातच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागला आणि तिथला एक जुना कॉम्प्युटर घरी आणला.

प्लायवूडचा सांगाडा. भंगारातली ट्रॅक्टरची सीट. घरातल्या दिव्यांना असतात तशी बटणं, त्यांच्याखाली लपवलेला कीबोर्ड. स्क्रीनवर विमान उडवायचा गेम.

बांधायचा. आवडायचं नाही. खोलायचा. परत बांधायचा.

जेवता जेवता उठून स्क्रू पिळायचा. पाहुण्यांना आम्ही स्वयंपाकघरात बसवायचो. मी जाम वैतागायचे. पण साधी धूळ झटकली तरी हा अंगावर यायचा.

आबा, म्हणजे आमचे वडील, धुळ्याकडे गावी कापूस पिकवायचे. ते या सगळ्याला अहिराणीत "खेयनं" म्हणायचे, म्हणजे खेळणं. पायलट नाही तर शेती कर, एवढंच त्यांचं म्हणणं.

भाऊला त्यांच्याकडून एकच हवं होतं. हे काम आहे, असं त्यांनी एकदा तरी मानावं.

एका दसऱ्याला आबा जळगावला आले.

आमच्याकडे दसऱ्याला अवजारं धुतात, मग हळदकुंकू वाहतात. आबांनी विळी धुतली, स्कूटर धुतली. कॉकपिटपाशी येऊन थांबले.

भाऊ नुसता आत-बाहेर, आत-बाहेर.

"हाई काय कामनं शे?"

"इमान चालावाले शिकस मी हाईवर, आबा."

"शिकस ना? मंग अवजारच शे."

आणि आबांनी भरलेला तांब्या त्या बटणांवर ओतला.

शेतातलं औत धुतात तसा.

दसरा म्हणून मशीन बंद होतं, हेच नशीब. मी ओरडणार, तेवढ्यात भाऊने माझा हात घट्ट दाबला. पाणी खाली कीबोर्डात चाललं होतं, आम्हा दोघांना दिसत होतं.

भाऊ म्हणाला, "आबा, हाई बाजूले बी टाका."

त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

आबांनी एकेका बटणाला कुंकू लावलं. सीटवर झेंडूची फुलं ठेवली.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड मेलेला. भाऊने सगळं परत खोललं.

आबा दारात उभे. "बिघडनं का?"

"नही आबा. मोठं करनं शे."

आबा त्या दिवशी गावी जाणार होते. गेले नाहीत. भाऊ करवत चालवत होता आणि आबा समोर बसून प्लायवूड धरत होते.

आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

सकाळपासून सगळे लिहितायत, आत्म्याला शांती लाभो. मला ते लिहवत नाही. तुला शांत बसणं कधी जमलंय?

जा भाऊ. तिथे गेल्या गेल्या काहीतरी खोलून बसशील.

आबांना धरू दे.