मेलेल्या उंदराचा शोध

सलग अकरा दिवस मी आंघोळ केली नाही, आणि त्या अकराही दिवसांत स्वतःची काळजी उत्तम घेत होतो.

म्हणजे तशी नोंद आहे. प्रोजेक्ट बंद पडला, कंपनीनं घरी बसवून ठेवलं आणि जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत माझं मन कुजायला लागलं, तेव्हा समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, "रोज स्वतःसाठी पाच छोट्या गोष्टी करा, केल्या की खूण करा." मी फोनमध्ये लिहिलं: कोमट पाणी, दहा मिनिटं ध्यान, कृतज्ञतेची वही, सुगंधी मेणबत्ती, कुंडीतल्या झाडाशी गप्पा. आंघोळ लिहिली नाही. ती काय लिहायची, माणूस करतोच की!

माणूस करत नाही. माणूस पाच हिरव्या खुणा करतो, फोन त्याला 'शाबास' म्हणतो, आणि तो त्याच बनियनवर परत आडवा होतो. उशीच्या अभ्र्यावर डोक्याच्या आकाराचा तेलकट, तपकिरी डाग पडला होता. टॉवेल खुंटीशिवायही उभा राहिला असता. दातांवरून जीभ फिरवली की शेवाळावरून फिरवल्यासारखं व्हायचं. ध्यानात दीर्घ श्वास घ्या म्हणतात, तो मी बेतानंच घ्यायचो.

बीडची थोरली बहीण रोज व्हिडिओवर यायची. "नीट राहतोस ना? नाहीतर येते आणि घेऊन जाते." परत जायचं म्हणजे गावभर तोंड लपवत फिरायचं. मी तिला मेणबत्ती दाखवायचो, झाड दाखवायचो. फोनमधून वास जात नाही, यावर माझी सगळी इभ्रत टिकून होती.

दाराच्या फटीतून मात्र जातो. बाराव्या दिवशी सकाळी घरमालकीण मावशी दारात उभ्या, नाकाला पदर. "उंदीर मेलाय तुज्या खोलीत. लई घाण वास येतुया." मागं त्यांचे मालक, म्हणजे काका, काठी आणि बॅटरी घेऊन. मीही उत्साहानं शोधायला लागलो, खरंच! कपाटामागं पाहिलं, माळ्यावर पाहिलं.

"हितं न्हाई," काका म्हणाले. "पण तू जवळ आलास की वास वाढतोय."

मग त्यांनी काठीनं कॉटखालून मेसचा डबा ओढला. झाकण उडालं. मटकीच्या उसळीवर राखाडी लव आली होती आणि लवेखाली काहीतरी हलत होतं. काकांनी तोंड फिरवलं. माझं कोमट पाणी घशाशी आलं.

"तुज्या ताईचा नंबर हाय माज्याकडं," मावशी म्हणाल्या. "लावू?"

"नको मावशी, पाया पडतो."

"पाया नगं पडू, लांबच ऱ्हा."

मी घाईघाईनं फोन काढला, बाईंचा सल्ला सांगितला, अकरा दिवसांच्या खुणा दाखवल्या. फोनला हात न लावता मावशींनी त्या वाचल्या.

"आन् ह्यात आंघूळ कुटं हाय?"

अट ठरली. रोज सकाळी बंबातलं गरम पाणी न्यायचं, आंघोळ करायची, डबा अंगणातल्या नळावर त्यांच्यादेखत घासायचा. एक दिवस चुकला की बीडला फोन.

त्या दिवशी तीन बादल्या लागल्या. पहिलीचं पाणी चहासारखं गेलं. साबणाला फेस येईना. काखेतून मळाच्या वळ्या निघाल्या, त्या मी स्वतः पाहिल्या, दुसऱ्या कुणाला दोष देता येईना. पण बाहेर आलो, अंगाला वारा लागला आणि बऱ्याच दिवसांनी छातीवरचं ओझं जरासं सरकलं. रडू येतंय की काय, असं झालं. ओट्यावर मटार सोलत बसलेल्या मावशींना म्हणालो, "मावशी, आज फार हलकं वाटतंय."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"वाटंल की. निम्मा तर मोरीत ऱ्हायलायस. जा, ती आदी धू."